मेणाची सवत

सवत यावी तर वाजतगाजत तरी यावी. केसवालीची आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून, भुशात गुंडाळलेली, डोळे मिटून.

खोकं इस्पितळातून आलं होतं. आत एका मेलेल्या बाईच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा होता. बाई खालच्या वस्तीतली, काळी, कपड्यांना इस्त्री करणारी. तिचा नवरा वरच्या आळीतला, गोरापान, दुकानात हिशेबनीस. हौसेनं लग्न केलं, आणि पुढे चार लोकांत हिला बायको म्हणायची त्याला लाज वाटायला लागली. एका दुपारी त्यानं तिचा गळा दाबला.

शहरभर तीच चर्चा, आणि चर्चा तिथे केसवालीच्या मालकाचं नाक. त्याच्या मेणघरात गाजलेले खून मांडलेले असत: मेणाचे खुनी, मेणाची प्रेतं, पुढे लोकांना अडवायला दोरी. लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला येत. मागच्या खोलीत केसवालीचा नवरा चेहरे घडवी आणि ती त्यांना केस लावी. तापल्या सुईनं एकेक केस मेणात रोवायचा. भुवया, पापण्या, बटा, सगळं तसंच. म्हणून तिला सगळे केसवाली म्हणत.

नवरा तिचा मुखदुर्बळ. मीठ हवं असलं तरी मिठाकडे बोट करणारा. पण हा चेहरा आला आणि त्याला कंठ फुटला. आधी साध्या पिवळ्या मेणात नमुना घडवायचा, मग त्यावरून साचा, मग साच्यात रंगवलेलं मेण ओतायचं. नमुन्यावरच तो रमला.

"अगं, हिचा ओठ बघ. काहीतरी बोलता बोलता राहिलाय."

"मेलीय ती," केसवाली म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"माझा ओठ बघितलात कधी?"

"तुझा सारखा चालू असतो. बघू कधी?"

ती हसली, पण वरवरच.

मग गळ्याची पाळी आली. मालकाला बोटांचे वळ हवे होते, लांबूनही दिसतील असे. नवऱ्यानं हात ऊन पाण्यात बुडवले, पुसले, आणि त्या मऊ गळ्याभोवती आपलेच पंजे ठेवले. इतक्या हळू, जशी झोपल्या लेकराची कूस बदलावी. केसवाली तेव्हा दुसऱ्याच एका जुन्या खुन्याच्या भुवया रोवत होती. सुई हातातच निवली. हे हात आपल्या मानेवरून असे कधी फिरले? गळा दाबलेल्या बाईच्या गळ्याचा तिला हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाज वाटली. लाज घटकाभरात गेली. हेवा मुक्कामाला राहिला, आणि तिच्या तोंडात ओवी ठेवून बसला:

सवत मेणाची गं, हिला भूक ना तहान
नजर घरधन्याची, हिच्यापाशी गं गहाण

मालक आला तो फर्मान घेऊनच. "बाई गोरी करा. खुनी काळा."

"उलटं होतं, मालक," नवरा म्हणाला.

"मला शिकवू नका. काळ्या बाईसाठी तिकीट काढून कोण रडतंय? आणि गोऱ्या माणसाची भीती वाटते का कुणाला? काय वहिनी?"

वहिनींनी सुई तापवायला घेतली. उत्तर नवऱ्यानं दिलं. "ती सावळी होती. त्या रंगातच तिचं रूप आहे. मी नाही गोरी करणार."

"मग दुसरीकडे चेहरे घडवा," असं म्हणून मालक निघून गेला आणि नवराही दार आपटून बाहेर पडला.

रूप! केसवालीच्या कानात तो शब्द गोम शिरावी तसा शिरला. तिला बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "रंग दबलेला आहे, पण हाताला वळण आहे." आणि हा बाबा फरशीकडे बघत बसला होता. त्याच रंगासाठी आता नोकरीवर पाणी सोडायला निघाला. मेलेलीच्या!

भांड्यात मेण वितळत होतं. तिनं पांढरा रंग उचलला. फार नाही, जरा उजळ. एवढाच फरक, की त्या तोंडावरून त्याचं मन उडावं. घालत गेली, ढवळत गेली. भांड्यात अजून गव्हाळच दिसे, म्हणून आणखी घातला. गरम मेण खोटं बोलतं. असतं त्याहून गडद दिसतं. थेंब फरशीवर टाकावा, निवू द्यावा, मग रंग ठरवावा, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण रागाला थेंब निवायची वाट कुठली बघवते?

तिनंच ते साच्यात ओतलं, आणि चेहरा निघाला तो पिठासारखा पांढरा.

मालक खूश. "वहिनी, खरे कारागीर तुम्हीच!" काळपट मेणात खुनीही घडला. परत आलेल्या नवऱ्यानं पांढऱ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. केसवालीला हवं होतं ते मिळालं. तो मेणाच्या बाईकडे बघेना. पण केसवालीकडे तरी कुठे बघत होता?

गर्दी लोटली. बाया डोळ्यांना पदर लावत, पुरुष खुन्याच्या अंगावर थुंकत. "असल्यांना शहरात घेतलंच कशाला?" असं म्हणत बाहेर पडत.

एका सकाळी केसवाली दोरीच्या आत उभी राहून मेणबाईची वेणी सारखी करत होती. एक म्हातारी आली. काळीसावळी, पायात वहाण नाही.

"पोरी, इथं माझी लेक ठेवलीय म्हणतात. कुठंय?"

केसवालीनं बोटानंच दाखवलं. म्हातारीनं वाकून पाहिलं. "ही? ही कुणाची कोण?" मग तिची नजर खुन्यावर गेली आणि तिथेच थिजली. "आणि हा तर माझ्या थोरल्यासारखा दिसतोय गं. परवा त्याला लोकांनी रस्त्यात गाठून बडवलं. खुनी, खुनी म्हणत होते. आता कळलं कशावरून."

 वेणी केसवालीच्या हातातच राहिली. आपण एका मेलेल्या बाईशी भांडायला गेलो, आणि मार खाल्ला कुणी?

तिनं दोरी काढली. मेणबाईचं डोकं मानेपासून सोडवलं, कुशीत घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन सरळ तापल्या भांड्यात टाकलं. नवरा दचकून उठला.

"अहो, बघत काय बसलात? साचा काढा."

"मालक हाकलतील."

"हाकलू देत. मेण काय इथंच वितळतं?"

"यातला पांढरा आता निघायचा नाही."

"कशाला काढायचा? त्या मुडद्या खुन्याला ओता. त्याचाच रंग आहे तो."

नवऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं नवं मेण चढवलं, रंगांच्या डब्या पुढे ओढल्या, आणि थबकला. "पण कुठला रंग? मी तर प्लास्टर पाहिलंय नुसतं."

केसवाली त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा जीव टाकला, आणि बाई पाहिलेली नव्हती!

मागोमाग आलेली म्हातारी दारात उभी होती. "हिच्यासारखी," ती केसवालीकडे बोट दाखवत म्हणाली. "अगदी हिच्यासारखी."

नवऱ्यानं केसवालीचा हात धरला आणि खिडकीशी नेला. बाही वर सारली. मनगट उजेडात फिरवलं, आतून, बाहेरून. मग हनुवटी उचलून गाल पाहिला, ओठ पाहिला. लग्न झाल्यापासून त्यानं एवढा वेळ तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिच्या छातीत धडधडायला लागलं, आणि त्या धडधडीतही जुना काटा होताच.

"अहो, कुणाला बघताय?"

"हलू नकोस," तो म्हणाला. "यात थोडा तांबडाही आहे. मला माहीत नव्हतं."

ती हलली नाही.