दोन एक्सल आणि धोंडुबाईंचे गणपती

मित्रांनो, मी रोह्याच्या सईदभाईंचा जुना ट्रक आहे. तरुणपणी मी पेणच्या मिठागरांतले मीठ वाहिले. ते मीठ माझ्या पत्र्यात शिरले आणि माझ्या कडा पापडासारख्या झाल्या. पण माझा खरा मान असे तो गणपतीच्या आधी. पेणजवळ खाडीकाठी धोंडुबाईंचा मूर्तींचा कारखाना आहे. पेंढ्यात बसवलेल्या, तोंडावर कागद बांधलेल्या त्यांच्या मूर्ती मी रोह्याला नेत असे.

एका वर्षी खाडीच्या बांधावर माझे मागचे डावे चाक रुतले. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून माझ्या मागच्या एक्सलमधली, म्हणजे चाकांच्या आसातली, दातेरी चक्रे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. चिखलात हीच सोय उलटली. रुतलेले चाक भिंगरीसारखे फिरत राहिले आणि कोरड्यावरचे नुसते उभे. ड्रायव्हर नाथाने हिसक्यावर हिसके दिले. मी सुटलो, पण कितीतरी मूर्तींचे हात मोडले. भंगलेली मूर्ती कोणी पुजत नाही. धोंडुबाईंनी त्या मूर्ती तिथेच खाडीत सोडल्या.

“सईद, पुढच्या साली असं झालं तर मी दुसरी गाडी बघीन,” त्या म्हणाल्या.

गणपतींचे काम गेले, तर मला ठेवणार कोण? भंगारवाला माझ्याभोवती फिरू लागलाच होता.

उन्हाळ्यात सईदभाईंनी माझ्यासाठी पेणच्या गॅरेजमध्ये दोन जुने एक्सल पाहिले. एक हायवेच्या ट्रकचा, वेगवान. दुसरा खाणीत दगड वाहून ओतणाऱ्या टिपरचा. त्यात इंजिनाकडून येणारा दांडा सात वेळा फिरला की चाक एकदा फिरायचे. वेग कमी, ओढ जास्त. शिवाय त्याला लॉक होता. खटका ओढला की दोन्ही चाके एकत्रच फिरणार.

“सईदभाई, वेगवाला लावा,” नाथा म्हणाला. “वडखळला सायकलवालापण मला टाटा करून जातो!”

धोंडुबाई मुद्दाम आल्या होत्या. “माझ्या गणपतींना काय शर्यत लावायची हाय रं? हळू उचलणारा हवा.”

सईदभाई हसून गॅरेजच्या मिस्त्रीकडे वळले. “मावशी म्हणते तोच लाव.”

मिस्त्रीने टिपरचा एक्सल बसवला आणि नाथाला बजावले, “लॉक फक्त चिखलात. डांबरावर सोडला नाय, तर एक्सल तोडशील.”

श्रावणात पुन्हा तोच बांध आला. भरतीचे पाणी कडेला लागले होते. धोंडुबाई मागे मूर्तींजवळ बसल्या होत्या. तेच चाक त्याच जागी रुतले. नाथाने खटका ओढला. दोन्ही चाके एकदम फिरली आणि मी एकही हिसका न देता, म्हशीच्या चालीने वर आलो.

“वर आला गो मावशी!” नाथा ओरडला. त्या आनंदात तो खटका विसरला. डांबरी वळणावर माझे टायर घासले आणि एक्सल कण्हू लागला.

“नाथा, म्हातारा रडतोय का रं?” मागून आवाज आला.

नाथाने जीभ चावली आणि लॉक सोडला.

रोह्यात धोंडुबाईंनी एकेक कागद सोडला. सोंड शाबूत, बोटेही शाबूत. त्यांनी माझ्या गंजक्या फळीवर हात ठेवला. “सईद, पुढच्या साली हाच म्हातारा धाड.”

मित्रांनो, अजून मी त्या बांधावरून जातो. तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्याकडून नेमके कोणते काम हवे ते पाहा. रुतले तर लॉक लावा. आणि डांबर लागले की आठवणीने सोडा.