एका दिवसात मावणारं काम

मेरेआना तुरेइ आमच्या साइटची प्लॅनर. आम्ही सगळे तिला आंटी म्हणायचो, वयाने तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. वाइतोरू नदीचा जुना पूल पुरात वाहून गेला होता आणि त्याच जागी आम्ही नवा बांधत होतो. कोणतं काम कधी, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, हे सगळं आंटीच्या कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्यांनी मांडलेलं असायचं. मी साइट इंजिनिअर. सकाळी आलो की आधी तिच्या टेबलाशी जायचो, मग नदीवर.

त्या सोमवारी ती पडद्याकडे बघून एकदम हसायला लागली.

"रावीरी, इकडे ये. या शहाण्याने काय करून ठेवलंय बघ."

शहाणा म्हणजे सॉफ्टवेअर. त्याने पुलाच्या स्लॅबच्या पट्टीचे दोन तुकडे केले होते. एक बुधवारी दुपारी, दुसरा गुरुवारी सकाळी. त्याच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. बुधवारी जेवणापर्यंत सळया बांधून होणार होत्या, म्हणून त्याने लगेच स्लॅब सुरू केला. पाचला कामाची वेळ संपली तसा थांबवला आणि उरलेला सकाळी सातला पुन्हा चालू केला.

"पूल आहे का फ्राय ब्रेड?" आंटी म्हणाली. "अर्धा आज तळला, उरलेला उद्या?"

स्लॅब एका दमातच टाकावा लागतो. आदल्या दिवशीचं काँक्रीट रात्रीत घट्ट होतं आणि त्याला लागून नवं टाकलं की मधे सांधा राहतो. अशा सांध्यातून पाणी शिरतं, आत सळया गंजतात. आमच्या स्लॅबला जवळजवळ अख्खा दिवस लागणार होता.

आंटीने त्या कामाला न तुटणारं अशी खूण केली आणि वर स्वतःचा एक नियम लिहिला: उरलेल्या दिवसात मावत नसेल तर अख्खं काम पुढच्या सकाळी. बटण दाबलं. दोन्ही तुकडे जोडले गेले आणि सबंध पट्टी गुरुवारच्या सकाळी जाऊन बसली. बुधवारची दुपार रिकामी झाली.

ती रिकामी जागा बघून आमचा मॅनेजर कॉलम रेनी अस्वस्थ झाला. कॉलम दक्षिणेकडचा, कामाला वाघ, पण रिकामी जागा त्याला बघवत नसे.

"मेरेआना, अर्धा दिवस फुकट? बुधवारी दुपारी सुरू करू आणि दिवे लावून रात्री संपवू."

"पाचनंतर पंपाचा आवाज नाही, असा शब्द दिलाय आपण पलीकडच्या मराएला." मराए म्हणजे आमच्या कुळाचं सभागृह आणि अंगण; सभा, पाहुणचार, अंत्यविधी सगळं तिथेच.

"एका दिवसासाठी तुझ्या कॅलेंडरमधली वेळ वाढव ना."

"वेळ मी नाही ठरवलेली, बाबा. त्यांच्याबरोबर बसून ठरवलीय. तू पण होतास. तीन वेळा केक घेतलास."

कॉलम हसला. स्लॅब गुरुवारीच राहिला.

मंगळवारी सकाळी पलीकडून निरोप आला की कोरो होहेपा गेले. कोरो म्हणजे आमच्याकडे आजोबा, आणि होहेपा अख्ख्या खोऱ्याचे कोरो होते. त्यांचं पार्थिव मराएत ठेवलं. दुरून दुरून माणसं येऊ लागली, रडणं, गाणं, भाषणं सुरू झाली. दफन गुरुवारी दुपारी होणार होतं. दफनभूमीचा रस्ता आमच्या साइटला अगदी खेटून जातो.

आंटीने गुरुवारची दुपार कॅलेंडरमधून काढून टाकली आणि पुन्हा बटण दाबलं. स्लॅबची पट्टी उडाली ती थेट पुढच्या सोमवारी, कारण शुक्रवारी पंप दुसऱ्या साइटला लागला होता.

कॉलम लाल झाला. "सोमवार? अगं, ऑफिसवाले मला सोलून काढतील! गुरुवारीच करू. अंत्ययात्रा येईल तेव्हा पंप बंद करू, टोप्या काढून उभे राहू, गेली की पुन्हा सुरू."

"तेवढ्यात काँक्रीट धरेल."

"मग त्यांना विचार ना, दफन शुक्रवारी करता येईल का."

मी होहेपांच्याच कुळातला. मला राग आला होता, पण मी तोंड उघडायच्या आत आंटीने खुर्ची वळवली. आवाज जराही चढवला नाही.

"कॉलम, मधे तोडता येत नाहीत अशी दोन कामं आहेत या आठवड्यात. त्यातलं आपलं एकच आहे. हलवायचं ते आपलं."

कॉलम खिडकीशी जाऊन उभा राहिला. पलीकडून गाण्याचा आवाज येत होता. मग त्याने स्वतःच फोन उचलला, ऑफिसला सोमवार सांगितला, आणि वरून ओरडा सुरू झाला तसा फोन कानापासून लांब धरून ऐकत राहिला. आंटीचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. त्या माणसाबद्दल माझं मत तिथे बदललं.

नंतर त्याने काँक्रीट पुरवणाऱ्याला फोन केला. तो फोनवरच मोठ्याने म्हणाला, "सुटलो! मीच करणार होतो तुम्हाला. माझे निम्मे ड्रायव्हर होहेपाचे नातू आणि भाचे. गुरुवारी मिक्सर कोण चालवणार होतं, तू?"

"तुला माहीत होतं का गं आंटी?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "बरं झालं म्हणायचं."

गुरुवारी आम्ही सगळे मराएत गेलो. कॉलमला बायकांनी थेट स्वयंपाकघरात नेलं आणि बटाट्यांच्या पोत्यासमोर बसवलं. त्याने न बोलता दुपारपर्यंत सोलले. "ऑफिसने सोललं नाही, आम्ही सोलायला लावलं," असं म्हणून माझी मावशी दिवसभर हसत होती.

सोमवारी सातच्या ठोक्याला काँक्रीटचा पहिला मिक्सर साइटवर वळला. होहेपांचाच नातू होता गाडीवर, डोळे सुजलेले. एकामागून एक गाड्या येत गेल्या. पंपाची सोंड या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत होती, पोरं काँक्रीट हलवून बसवणारे व्हायब्रेटर घेऊन गुडघाभर काँक्रीटमध्ये उभी. दुपारी पंपाचा पाइप तुंबला. कॉलमचा चेहरा पांढरा पडला. आम्ही हातोड्यांनी पाइप ठोकला, जोड सोडवला, अडकलेला गोळा बाहेर काढला. आंटी कडेला उभी राहून घड्याळ आणि काँक्रीटची कड आळीपाळीने बघत होती. "अजून ओलं आहे," ती म्हणाली. "घाई करू नका, नीट जोडा." सकाळऐवजी दुपारी सुरू केलं असतं तर तिला असं म्हणता आलं नसतं.

पाच वाजायच्या जरा आधी शेवटची गाडी रिकामी झाली. पंप थांबला. मधे कुठेही सांधा नसलेला, करडा, ओला पूल एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरला होता. पलीकडून मराएतल्या म्हाताऱ्या बघायला आल्या आणि कडेला ओळीने उभ्या राहिल्या.

"आंटी कुठाय?" कॉलम विचारत होता. "हे बघायला बोलवा तिला."

मी शोधायला गेलो. ती आपल्या गाडीत पाय वर घेऊन, तोंडावर हॅट ठेवून गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही.