पहिलं पाऊल घरीच

मावशींनी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं आणि त्यातला एक नियम कधी मोडला नाही. मूल पालथं पडो, उभं राहो, चालो की बोलो, पहिल्यांदा झालेलं आईबापांना सांगायचं नाही. पहिलं पाऊल घरीच पडतं. आपल्या फरशीवर पडलं ते पडलंच नाही. संध्याकाळी मूल आईच्या कडेवर देताना फार तर म्हणायचं, "या रविवारी जरा खाली सोडून बघा हो, पाय शिवशिवतायत तिचे." मग सोमवारी आई धापा टाकत जिना चढून येते, "मावशी, चालली!" आणि मावशींनी गालावर हात ठेवायचा, "अगंबाई, खरंच की काय?" नवरा म्हणायचा, नाटकात गेली असतीस तर नाव काढलं असतंस.

पाळणाघरातली लवंगी गेली ती मंगळवारी पहाटे. मेंदूत ताप शिरला, शुक्रवारी रात्री चढला, पुढे काही हाती लागलं नाही. मावशींना कळलं ते सकाळी नऊ वाजता, फोनवर. तिच्या वडिलांचा कुणी मित्र बोलत होता.

"ती आता येणार नाही. तिच्या वस्तू तेवढ्या बाजूला काढून ठेवा."

"बदली झाली का साहेबांची?" मावशींनी विचारलं. मग त्याला सरळ शब्दांत सांगावं लागलं.

लवंगी हे नाव मावशींनीच ठेवलेलं. सहा महिन्यांची असताना आली होती. जीव एवढासा, पण रडली की खालच्या मजल्यावरचा शिंपी शिवण थांबवायचा. आता सतराव्या महिन्यात होती. रोजचे नऊ तास मावशींच्या डोळ्यांसमोर.

त्या दिवशी रडायची सोय नव्हती. उरलेल्या आठांपैकी एकाने भोकाड पसरलं की बाकीचे सात सूर धरतात, आणि पोरांना मोठ्यांचा चेहरा वाचता येतो. मावशींनी दिवसभर चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवला.

संध्याकाळी बँकेत काम करणारी एक आई दारातच थांबली. "खेळणी धुतलीत ना, मावशी? उकळत्या पाण्यातून?"

"धुतली."

"आणि ती नेमकी कुणाशेजारी झोपायची?"

"तुमच्याच बाळाशेजारी."

बाईने पोराला असं उचललं, जणू मावशीच त्याला चावणार होत्या. तिच्या मागची दुसरी जरा हळू आवाजात म्हणाली, "वाईट झालं हो. पण मग जागा झाली असेल ना एक? माझी नणंद केव्हापासून मागे लागलीये."

घरी नवऱ्याने पाठीवरून हात फिरवला खरा, पण बोलला तेही तसंच. "परक्याचं लेकरू गं. जीव लावायलाही माप असतं. उद्या नवीन येईल."

मावशींनी शनिवारपर्यंत कळ काढली. लवंगीची दोन झबली, टोपी, कान चावून लिबलिबीत केलेला कापडी ससा, सगळं धुऊन पिशवीत भरलं आणि त्या तिच्या घरी निघाल्या. पिशवी हे निमित्त. त्यांना रडणाऱ्यांच्यात जाऊन बसायचं होतं. कुणीतरी एकदाच म्हणावं, "तुम्हालाही लागलं असेल हो." बस, एवढंच.

दार मुलीच्या आत्याने उघडलं. "कोण?"

"पाळणाघरातून आले."

"हां, सामान ना? द्या इकडे. सगळं आहे ना यात?"

मावशींना चपलांच्या कपाटाशेजारचं स्टूल मिळालं. खोलीभर माणसं. वरच्या मजल्यावरची एक बाई हमसून हमसून रडत होती, "लिफ्टमध्ये मला बघून हसायची हो!" आणि तिघीजणी तिची पाठ चोळत होत्या, एकीने पाणी आणलं. हसण्याची ओळख दोन मजल्यांची, पण पाण्याचा पेला मिळाला. मावशींच्या घशाला कोरड होती, आणि त्यांच्याकडे ट्रे वळलाच नाही.

मुलीची आई मात्र रडत नव्हती. एकच गोष्ट दळत होती.

"माझंच चुकलं. डॉक्टरांनी विचारलं, चालायला कधी लागली? म्हटलं, तेरा महिन्यांची झाल्यावर. जावेची दहाव्यात चालली. बोलणं तर नाहीच हिचं. तेव्हापासूनच आत काहीतरी बिघडलेलं होतं. मला कळलं नाही. आई असून कळलं नाही."

"नाही हो, ताई." मावशींच्या तोंडून निघून गेलं. "अकराव्या महिन्यातच चालली ती. माझ्याकडे. खिडकीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत, पाच पावलं. काही कमी नव्हतं तिच्यात."

आईने हळूहळू मान वळवली.

"दोन महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"आम्ही सांगत नाही, ताई. आईबापांनी आधी बघावं म्हणून... मी तुम्हाला म्हटलं होतं, रविवारी खाली सोडून बघा."

"मला वाटलं, असंच म्हणताय."

"म्हणजे लपवता!" आत्या ताडकन उठली. "चालणं लपवलंत, मग ताप लपवला नसेल कशावरून? शुक्रवारी अंग गरम असेल, तुम्ही दिलीत पोर हातात आणि झालात मोकळ्या."

"शुक्रवारी चांगली होती ती. माझ्या लवंगीचं अंग जरा जरी तापलं असतं तर मी—"

"कोण लवंगी?"

लिफ्टवाली बाई डोळे पुसत म्हणाली, "हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही बाई." मावशी उठल्या. कुणी बसा म्हटलं नाही.

त्या चार पायऱ्या उतरल्या असतील, तोच मागून आई आली. दार ओढून घेऊन तिने मावशींचं मनगट पकडलं.

"अजून काय काय केलं तिने? सगळं सांगा."

मावशींनी सांगितलं. चमचा पुढे केला की म्हणायची, "नको."

"नको? स्पष्ट?"

"स्पष्ट. पहिल्या दिवशी दोनदा म्हणाली. आणि शेजारचं बाळ कुरकुरलं की त्याच्या पाठीवर थोपटायची, अगदी माझ्यासारखं. मिक्सर लागला की बसल्या बसल्या डुलायची. दाराची कडी वाजली की आधी तुमची पर्स दिसते का बघायची, मग तुमचं तोंड."

आई एकेक गोष्ट पुटपुटत होती, परीक्षेआधी पाठांतर करावं तशी. मावशी सांगत गेल्या. किती दिवसांनी कुणीतरी विचारत होतं! सांगून संपलं तेव्हा त्या वाट बघत राहिल्या. ते एक वाक्य आता तरी येईल.

आईने पदर नाकाला लावला. "आता हे कुणाजवळ बोलू नका. आत माझं मी सांगेन. ती घरीच चालली आणि बोलली ती माझ्याशी. कळलं ना?"

"कुणाला सांगणार, ताई?" मावशी म्हणाल्या. "मला कुणी विचारलंय का?"

"तेच बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

दार नीट लागलं नव्हतं. आतून तिचा आवाज आला, आता पहिल्यांदाच रडवेला. "तसं नाही हो. बोलायची ती. गेल्या आठवड्यातच मला म्हणाली, नको. तीनदा म्हणाली." त्याबरोबर सगळ्या खोलीलाच हुंदका फुटला.

"दोनदा," मावशी पुटपुटल्या, आणि कठडा धरून उतरू लागल्या.