बुजगावण्याचा खिसा

परसातल्या कोबीच्या पानांची चाळण झाली होती, आणि टेलरमास्तरांच्या बायकोने त्याचं खापर चिमण्यांच्या डोक्यावर फोडलं होतं. बुजगावणं करून द्या, म्हणून तिने नवऱ्याचं डोकं खाल्लं.

मास्तर बसले खरे, पण त्यांच्या हाताला कसंतरी काम ठाऊकच नव्हतं. उरलेल्या लोकरी कापडाचा त्यांनी कोट शिवला. काजं केली, अस्तर लावलं, वर खोल, उबदार खिसाही ठेवला.

"अहो, याला काय लग्नाला जायचंय?" बायको कडाडली.

कोट घालून बुजगावणं कोबीत उभं राहिलं. चिमण्या घाबरल्या नाहीतच, उलट त्यांनी त्या खिशातच घरटं केलं. हे कळायला बायकोला उशीर झाला. शेजारीण पोट धरून हसली, तशी ही खिसा उलटा करायला तरातरा निघाली. हात घालणार तोच आतून चार चोची उघडल्या.

तेवढ्यात पिल्लांची आई आली. तिच्या चोचीत हिरवी अळी होती. ती भरवून पुन्हा कोबीवर गेली, पानाखाली डोकावली आणि दुसरी घेऊन आली. स्वतः दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना मात्र अळ्या भरवते, हे बायकोला तेव्हा कळलं. चाळण कुणी केली होती, तेही कळलं.

नवी पानं अखंड निघाली. मग शेजारीण कुंपणाशी आली. "मास्तर, आम्हालाही असं बुजगावणं द्याल?"

मास्तरांनी कोटासाठी टेप उचलली.

"कोटाचं राहू द्या," बायको म्हणाली. "नुसते खिसेच शिवा."