ऊई मास्तरांची मॉरिस

गाडी पार भंगार निघावी, अशी स्यू किमची मनापासून इच्छा होती. गिऱ्हाईक दारात उभं असताना असलं मागणं कुठला विकणारा मागेल? पण हिचं सगळंच उलटं. वडील जाऊन आठ महिने झाले, आणि आठ महिने तिला कुणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की बाई, ही गाडी कधीच गेली होती, कुणाच्या बापाला दुरुस्त झाली नसती.

वडील म्हणजे ऊई मास्तर. जेलुटाँगच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य गणित शिकवलं. राखाडी रंगाची मॉरिस मायनर त्यांनी घेतली तेव्हा स्यू किमचा जन्मही झाला नव्हता. ऐंशीव्या वर्षी त्यांनी ती बाजाराच्या फाटकाला घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण स्यू किमने त्याच दुपारी किल्ली काढून घेतली. इथपर्यंत तिचं चुकलं, असं कुणी म्हणणार नाही. चुकलं ते पुढे.

वर्षभर गाडी पोर्चमध्ये उभी राहिली आणि मग सुरूच होईना. मास्तर म्हणाले, "मेकॅनिकला दाखव ना एकदा. मी नाही चालवणार. तू चालव, मी शेजारी बसतो. बालिक पुलाऊला जाऊ, आंबट शेवयांचा लाक्सा खाऊ, परत येऊ."

स्यू किम म्हणाली, बघते. महिनाभर बघते, बघते केलं. बँकेतली नोकरी, घरात आजारी नवरा, सवड कुठली? आणि खरं सांगायचं तर तिला त्या डबड्याची लाजही वाटायची. शेवटी एके दिवशी जेवताना तिने सरळ ठोकून दिलं, "तुम्ही झोपला होतात तेव्हा मेकॅनिक येऊन गेला, पा. इंजिन जाम झालंय. आता काही व्हायचं नाही म्हणाला."

मेकॅनिक कसला नि काय! कुणाला साधा फोनही केला नव्हता तिने.

मास्तरांनी हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "दाखवलंस ना?"

"दाखवलं."

"मग झालं तर." आणि ते पुन्हा जेवायला लागले. त्यानंतर पाच वर्षं जगले, पण गाडीचं नाव काढलं नाही.

ते गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली. आत रंगाचे डबे, शिडी, रद्दी. मागच्या सीटवर शेजारच्या मांजरीने दोनदा बाळंतपण उरकलं. पर्थहून भाऊ बून फोनवर सारखा म्हणायचा, "ताई, भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो."

तसं तिने देव्हाऱ्याजवळच्या वडिलांच्या फोटोपुढे विचारूनही पाहिलं होतं. उदबत्ती लावायची, दोन नाणी ओंजळीत हलवायची, प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायची. एक छापा एक काटा पडला, तर गेलेलं माणूस हो म्हणतं. दोन्ही सारखी पडली, तर नाही. "पा, गाडी मेलीय, भंगारात देऊ?" तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा दोन्ही सारखी. "हट्टी ते हट्टीच!" ती फोटोवर डाफरली. पण नाणी उचलताना तिच्या मनात आलं, गाडी मेलीय, हेच त्यांना पटत नसेल तर?

मग तायपिंगच्या रोस्लानचा फोन आला. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, जुन्या मॉरिस शोधत हिंडायचा. स्यू किमने पुन्हा नाणी टाकली, "ह्या माणसाला विकू?" पहिल्याच फटक्यात हो.

तर शनिवारी सकाळी रोस्लान आला. डोक्यावर काळी टोपी, हातात अवजारांची पेटी, आणि मागे गाडी वाहून न्यायचा ट्रक. त्याने ताडपत्री ओढली. मग गाडीभोवती फिरला. दाराला हात लावला, गंजून चाळण झालेल्या पायाखालच्या पत्र्यात डोकावला, मांजरीचे केस झटकले.

"बघा हो, फार वाईट अवस्था आहे," स्यू किम म्हणाली. आवाजात चक्क आशा होती. "इंजिन तर जामच झालंय."

"असं कोण म्हणालं?"

"मेकॅनिक."

"बघू तर. किल्ली द्या, ताई."

"किल्ली पांच्या खिशात आहे."

"मग मागून आणा की."

"पा आठ महिन्यांपूर्वी वारले, साहेब. किल्ली त्यांच्यासोबतच दिली मी. शवपेटीत."

रोस्लानने जीभ चावली. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या लेट्चुमी आंटीला मात्र राहवलं नाही. "अहो, पुढचं ऐका! किल्ली दिली ह्या मॉरिसची, आणि भावाने मास्तरांना वर मिळावी म्हणून कागदाची गाडी जाळली ती भलीमोठी जर्मन, ड्रायव्हरसकट! मास्तर तिकडे किल्ली लावत बसले असतील, कशी ती लागायची!"

"आंटी, गप्प बसा हो," स्यू किम म्हणाली. पण तिलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. सहा वर्षं स्वतःजवळ ठेवलेली किल्ली तिने मेलेल्या माणसाच्या खिशात घातली होती. जिवंतपणी काय झालं होतं द्यायला?

रोस्लानने बॉनेट उघडलं. एक प्लग काढला, भोकात बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. दुसरा काढला, तिसरा, चौथा. मग गाडीच्या मागे जाऊन डिकीतलं, इंजिन हाताने फिरवायचं हँडल घेऊन आला. हँडलच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली, तेलाने आणि हाताच्या घामाने काळी कुळकुळीत झालेली. ते त्याने पुढच्या बंपरखाली घातलं आणि फिरवलं.

इंजिन फिरलं. कुठे अडलं नाही, करकरलं नाही. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं.

"या अल्लाह!" रोस्लान पोरासारखा ओरडला. "ताई, तुमचा तो मेकॅनिक गाढव होता, गाढव! जाम कसलं? चारही भोकांत तेल आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं तेल सोडून हँडल मारलंय हिला, म्हणून वाचली ही. पत्रा गेलाय, तो मी ठोकून नवा करीन. पण जीव शाबूत आहे हो हिचा! तेव्हा दाखवली असती, तर अर्ध्या दिवसाचं काम होतं."

अर्ध्या दिवसाचं! स्यू किम पोर्चच्या पायरीवर बसली.

"कुणी मारलं हँडल?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

लेट्चुमी आंटीने हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला. आता तिच्या तोंडावर थट्टा नव्हती. "मास्तरांनीच, दुसरं कोण? दर रविवारी तू बाजारात गेलीस की यायचे. तेल घालायचे, हँडल मारायचे, पायरीवर बसून धापा टाकायचे. अगदी गेले त्याच्या आदल्या रविवारपर्यंत. मी ओरडायचे, मास्तर, ह्या वयात काय हे!"

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती गं त्यांनी. म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस. इंजिन फिरतंय हे तिला कळलं, तर उगाच तिला वाईट वाटेल."

रोस्लान कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे पाहत राहिला. काय झालं ते त्याला नीट कळलं नाही, पण काहीतरी मोठं झालं, एवढं कळलं. तो कामाला लागला. प्लग घासले, आपली बॅटरी जोडली, बाटलीतलं पेट्रोल नळीने सोडलं, किल्लीच्या जागी दोन तारा एकत्र केल्या. तासाभराने त्याने हँडलला हिसका दिला. गाडी खोकली. दुसऱ्या हिसक्याला धडधडली, निळा धूर पोर्चभर झाला, आणि मग ती सुरूच राहिली.

हाच आवाज. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी असलेली स्यू किम गाडी दिसायच्या आधी हाच आवाज ओळखायची.

"बसा, ताई," रोस्लानने शेजारचं दार उघडलं. सीटवरची रद्दी त्याने केव्हाच उचलली होती. "ब्रेक धरून बसलेत, जाता नाही येणार कुठे. नुसतंच बसा."

"नको," ती म्हणाली. "ती जागा त्यांची."

व्यवहार पाच मिनिटांत आटपला. तिने घासाघीस केली नाही, त्यानेही नाही. ट्रकवर चढवताना रोस्लान साखळी ओढणाऱ्या पोरावर खेकसत होता, "हळू रे, हळू! नवरीमुलगी आहे ती!" निघताना म्हणाला, "दोनतीन महिन्यांत चकाचक करतो बघा. मग घेऊन येतो. कुठे जायचं ते तुम्ही सांगा."

"बालिक पुलाऊ," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने नुसती मान हलवली. ज्याने विचारलं होतं, त्याला तर ती बघते म्हणाली होती.

ट्रक वळणाआड गेला. पोर्चमध्ये तेलाचा एक डाग उरला आणि चार चाकांच्या जागी चार कोरडे चौकोन. ऐन बाराला ती देव्हाऱ्याजवळ गेली, उदबत्ती लावली, नाणी ओंजळीत घेतली. चांगल्या माणसाकडे गेली, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"पा, मेकॅनिक आलाच नव्हता."

हा काही प्रश्न नव्हता. तरी ओंजळ उघडली आणि नाणी फरशीवर पडली. एक छापा, एक काटा.

हो.

स्यू किम गुडघ्यांवर बसून त्या दोन नाण्यांकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली. आणखी एक विचारायचं होतं, माफ केलंत का? पण दोन्ही सारखी पडली तर? उदबत्ती जळून संपली, बाहेरून लेट्चुमी आंटीने जेवायला हाक मारली, तरी तिची मूठ मिटलेलीच होती.