मी तोफ नाही

मी धक्क्यावरचा एक जुना लोखंडी खुंटा आहे. मित्रांनो, जहाज वाहून जाऊ नये म्हणून त्याचा दोर ज्याच्या गळ्यात अडकवतात, तो मी. माझा जन्म ओतशाळेतला. मी आतून भरीव आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दर रविवारी एक मार्गदर्शक छत्री उंचावत चाळीस माणसे जुन्या बंदरातून फिरवत आणतो आणि मला तोफ म्हणतो.

"या खाचा बघा! तलवारीचे घाव!" तो ध्वनिक्षेपकातून ओरडतो.

माणसे हळहळतात. मग माझ्या डोक्यावर बसून फोटो काढतात.

तीस वर्षे माझ्यावर दोर टाकणाऱ्या माणसाला सगळे दोरवाले म्हणत. एकदा त्यांची दोन बोटे ओल्या दोराखाली सापडली. जहाजाने ओढ दिली आणि बोटे माझ्यापाशीच राहिली. गेल्या रविवारी माझ्यावर 'युद्धतोफ' अशी पितळी पाटी बसणार होती. ते ऐकून दोरवाले नातीला घेऊन आले.

"अहो साहेब, ही कसली तोफ? तोंड कुठंय हिला?"

"काका, तिकीट काढलंय का तुम्ही?"

"तीस वर्षं राबलोय इथं. दोरानं पडल्यात या खाचा. बोट घालून बघा. तलवारीचा वार एवढा गुळगुळीत असतो होय?"

"बोट नका घालू हां कुणी," मार्गदर्शक लोकांकडे वळला. "काकांचं काय झालंय, दिसतंय ना!"

चाळीस माणसे खदखदून हसली. रखवालदाराने दोरवाल्यांचा दंड धरून त्यांना गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे नेले. मग माझ्या छातीत चार भोके पाडून पाटी ठोकली. टाळ्या पडल्या. तीस वर्षांत जहाजे अडवली, तेव्हा कुणी टाळी वाजवल्याचे आठवत नाही.

नातीने पाटी मोठ्याने वाचली. मग आजोबांच्या हाताकडे बघत म्हणाली, "आजोबा, बोटं लढाईत गेली होती, तर घरी दोराखाली सापडली असं खोटं का सांगितलंत?"

दोरवाल्यांनी हात खिशात घातला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. माझी फारच घेतात. खुशाल बसा माझ्यावर, रंग फासा. फक्त एकदा खाचेत बोट घाला. आणि पाटीवर विश्वास ठेवण्याआधी, ज्याची दोन बोटे कमी आहेत, त्याला विचारा.