फुल हाय, जा बिनघोर

मी तेल बघायची पट्टी बोलतेय. इंजिनाची नव्हे. ती माझी थोरली बहीण, पिवळ्या मुठीची, सगळ्या जगाच्या ओळखीची. मी गिअरबॉक्सची, आणि तोही आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा. हातभर लांब, करंगळीपेक्षाही बारीक, वरच्या टोकाला कडी. तेव्हा नाशकात अशा गाड्या फार नव्हत्या, त्यामुळे मला ओळखणारेही फार नव्हते. बॉनेट उघडलं की माणसं विचारायची, "ही कशाची हो?" मला राग यायचा. अजूनही येतो.

माझं काम एकच. नळीत उभं राहायचं आणि कुणी ओढून काढलं की तेल कुठवर आहे ते अंगावर दाखवायचं. मी खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर तो आळ येणार आहे.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा. पहिली तीन वर्षं मुंबईत, एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी गाडी चालवणं सोडलं, आणि भिमाजी माळी नावाचा एक फूलवाला शेतकरी आम्हाला नाशिकला घेऊन आला. इंदिरानगरच्या मागे, पाथर्डीच्या बाजूला त्याचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. त्याला स्वतःला गाडीचं काही कौतुक नव्हतं. गाडी घेतली ती मुलीसाठी.

मुलगी छाया. निफाडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय बारीक राहिलेला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी. एसटीच्या पायऱ्या चढताना रोज कुणीतरी दंडाला धरायचं, आणि त्या धरण्याचा तिला मनापासून कंटाळा आला होता. आमच्या गाडीला क्लच नाही. डाव्या पायाला काहीच काम नाही. तीन आठवड्यांत ती गाडी शिकली. पहिल्यांदा एकटी निफाडला जाऊन परत आली, तेव्हा आवारात गाडी लावून ती बराच वेळ आतच बसून राहिली होती. मला वाटलं रडतेय. हसत होती.

भिमाजीची एक शिस्त होती. आयुष्यभर ट्रॅक्टर वापरलेला माणूस. सकाळी फुलांना पाणी देऊन आला की गाडी सुरू होण्याआधी बॉनेट उघडायचा, जुन्या धोतराच्या चिंधीने आधी थोरलीला पुसायचा, मग मला. पुन्हा नळीत घालून काढायचा, उजेडाकडे धरायचा. तेल वरच्या खुणेला, कधी तिच्याही वर असायचं. तोवर छाया गाडीत येऊन बसलेली असायची.

"फुल हाय," तो म्हणायचा. "पाय कसा हाय?"

"बरा आहे, आप्पा."

"मंग जा बिनघोर."

अडीच वर्षं हे तीन शब्द मी रोज ऐकले. इतक्या मायेने मला कुणीच पुसलं नाही, हेही खरं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत गाडी त्रास द्यायला लागली. गावात ठणठणीत चालायची. निफाडला जाताना औरंगाबाद रोडला लागून अर्धा तास झाला, काटा सत्तरच्या पुढे गेला की इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी मात्र पुढे ओढायचीच नाही. सायकलची चेन उतरल्यावर पॅडल नुसतं फिरतं, तसं. जरा वेग कमी केला की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. गिअरबॉक्सच्या आतल्या चकत्या तेलाच्या दाबावर एकमेकींना घट्ट धरून असतात. तेल कमी झालं की दाब पडतो आणि त्या एकमेकींवरून घसरतात. मला हे सगळं कळत होतं. पण मला तोंड नाही, मला अंग आहे, आणि ते बघावं लागतं.

छायाचा भाऊ महेश गाडी दोन गॅरेजांत घेऊन गेला. पहिल्याने इंजिन बंद करून मला काढलं, तेल भरपूर आहे म्हणाला, प्लग साफ केले आणि पाठवून दिलं. दुसऱ्याने गावातल्या गावात एक फेरी मारली. घसरणं त्याला दिसलंच नाही, तरी गिअरची पेटी कामातून गेली असं सांगून तो मोकळा झाला. त्यानेही मला बंद गाडीवरच काढलं होतं. जो तो माझ्याकडे बघून म्हणायचा, तेल तर फुल आहे.

होतंच फुल, त्या वेळी. इंजिन बंद झालं की वर फिरणारं तेल खाली उतरतं आणि माझ्या वरच्या खुणेपर्यंत येतं. इंजिन फिरत असताना तेच तेल जेमतेम माझ्या टोकाला लागायचं. माझ्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत, गाडी चालू ठेवून, गरम असताना बघा म्हणून. भिमाजीला इंग्रजी येत नव्हतं. गॅरेजवाल्यांना वाचायला सवड नव्हती. आणि जिला वाचता येत होतं, तिच्या हातात मी कधी आलेच नाही. आप्पा बघतात ना, मग मी कशाला, असं तिचं होतं.

मग एका सकाळी, चांदोरीच्या अलीकडे, पुढे उसाची ट्रॉली होती. ती ओलांडायला छायाने गाडी उजवीकडे काढली आणि ऐन मध्यावर गाडीने ओढणं सोडलं. इंजिन नुसतं किंचाळत होतं. समोरून ट्रक येत होता. छायाने वेग सोडला आणि कशीबशी गाडी पुन्हा ट्रॉलीच्या पाठीमागे घातली. पुढे रस्त्याकडेला थांबली आणि ट्रॉली दिसेनाशी झाल्यावरच पुन्हा निघाली.

घरी तिने हे लपवलं नाही. महेश म्हणाला, गाडी काढून टाकू, एखादा ड्रायव्हर ठेवू किंवा तू नोकरी सोड. भिमाजी त्या दिवशी जेवला नाही. तिच्या लहानपणी तिला खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारा तो माणूस, शेवटी त्यानेही तेच सांगितलं, की बाई, आता पुरे. छाया वाद घालत बसली नाही. तिने फक्त एक रविवार मागून घेतला.

त्या रविवारी बापलेक गाडी घेऊन नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ बारकू मिस्त्रीकडे गेले. बारकू भिमाजीचा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. आपल्याला या गाडीतलं काही कळत नाही, असं त्याने आधीच कबूल केलं. मला तो तिथेच आवडला. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. छायाच्या शेजारी बसला, भिमाजी मागे, आणि तिला रोजच्यासारखी निफाडच्या रस्त्याने चालवायला सांगितलं. चांदोरी यायच्या आधी, मागेपुढे रस्ता मोकळा असताना, गाडी घसरली. बारकूने मान हलवली आणि एका हॉटेलासमोरच्या सपाट जागेत गाडी लावायला सांगितली. छाया चावीकडे हात नेत होती. त्याने तो थांबवला.

"बंद करू नका, ताई. रोग चालताना दिसतोय, तर नाडी पण चालतानाच बघू."

हँडब्रेक लावून त्याने मला ओढलं, पुसलं, घातलं, पुन्हा काढलं. माझं फक्त टोक ओलं होतं. तेलाचा लाल रंग काळपटला होता आणि जळका वास येत होता. मग त्याने इंजिन बंद केलं, चहा होईपर्यंत थांबला आणि मला परत काढलं. तेल वरच्या खुणेला. भिमाजी दोन्ही वेळा वाकून बघत होता. "ही पट्टी खोटं बोलती व्हय?" त्याने विचारलं.

छायाने मला हातात घेतलं, पहिल्यांदाच. पदराने पाठ पुसली आणि ती बारीक अक्षरं मराठीत करून मोठ्याने वाचली.

तेल थंड करायला नेणारी एक रबरी नळी तापली की पाझरायची. थंड झाली की कोरडी, म्हणून मळ्यात खाली थेंब कधी दिसला नाही. सगळं तेल निफाडच्या रस्त्यावर सांडत होतं. बारकूने नळी बदलायची, नवं तेल घालायचं आणि चकत्या वाचल्यात का ते बघायचं, असं सांगितलं. पण भिमाजीचं लक्ष नव्हतं. तो हॉटेलाच्या बाकावर जाऊन बसला.

"म्हंजी मीच तुला रोज मरायला धाडत व्हतो," तो म्हणाला. "फुल हाय, जा बिनघोर म्हणून."

छाया त्याच्याजवळ बसली.

"आप्पा, मी तरी काय करत होते? तुम्ही पाय कसा म्हणून विचारायचा ते मी गाडीत बसल्यावर. बसल्यावर तो बराच असतो. चालताना तुम्ही कधी विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही."

भिमाजीने तिच्याकडे बघितलं. मग उठून तिला हात दिला. "ऊठ. चाल माझ्यासंगं, आन् आता सांग."

ती चालली. पाचव्या-सहाव्या पावलाला म्हणाली, "दुखतो, आप्पा. बुटाची पट्टी हाडावर घासते. चार वर्षं झाली."

पुढच्या आठवड्यात गाडीला नवी नळी आणि छायाला नवा बूट, दोन्ही झालं. चकत्या वाचल्या होत्या. तेल भरल्यावर बारकूने गाडी ऐंशीवर पळवून बघितली, एकदाही घसरली नाही. नोकरीचा आणि ड्रायव्हरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मला बघण्याचं काम छायाने स्वतःकडे घेतलं. दर रविवारी, एक मोठी फेरी मारून आल्यावर, इंजिन चालू ठेवून. भिमाजी शेजारी चिंधी घेऊन उभा असायचा.

गाडी आणखी सहा वर्षं चालली. दोन हजार नऊला ती भंगारात गेली, तेव्हा भिमाजीने मला नळीतून काढून घेतलं. आता मी ओट्यावर खिळ्याला लटकते, हार ओवायच्या सुयांच्या शेजारी. नव्या गाडीत माझ्यासारखी पट्टीच नाही. तिचं तेल म्हणे बघायचंच नसतं. बघायचं नसतं असं काही असतं का, पण मला कोण विचारतो.

माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की कुणाला कसं आहे असं विचाराल, तेव्हा ते माणूस बसलेलं असताना विचारू नका.

भिमाजीचे गुडघे आता गेलेत. दिवसभर ओट्यावर बाजेवर बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, बरा हाय. छाया शाळेतून येते. बाजेपाशी ती काहीच विचारत नाही. आधी त्याला उठवते. ती काठी टेकत, तो तिच्या खांद्याला धरून, दोघं झेंडूच्या सरीपर्यंत जातात. चालता चालताच ती विचारते, "आप्पा, गुडघा?"

"दुखतो गं," तो म्हणतो. "लय दुखतो."

मग दोघं थोडं हळू चालतात.